बाशिंग : झाडावर वाढणारा नेचा आणि त्याचे संगोपन



पाठ्यपुस्तकात नेच्यांचा धडा येतो आणि बहुधा एका आकृतीपाशी संपतो. त्या आकृतीतील पान कोणत्या झाडाचे, ते कोठे वाढते, उन्हाळ्यात त्याचे काय होते, हे प्रश्न तसेच राहतात. म्हणून या लेखात आम्ही सर्व नेच्यांचा आढावा न घेता एकाच नेच्याची ओळख करून देणार आहोत. त्याचे मराठी नाव बाशिंग. तो आपल्या कोकणात व सह्याद्रीत वाढतो, थोड्या साधनांत जोपासता येतो आणि वनस्पतिशास्त्रातील अनेक तत्त्वे प्रत्यक्ष दाखवतो. त्याचबरोबर एका जुन्या गैरसमजामुळे तो विनाकारण झाडांवरून खरवडून काढला जातो. तो गैरसमज दूर व्हावा, हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

नाव आणि आढळ

विवाहप्रसंगी वधूवरांच्या कपाळी बाशिंग बांधतात. जुन्या आंब्याच्या खोडाला वेढून उभी राहिलेली या नेच्याची पाने पाहिली, म्हणजे हे नाव का पडले असावे हे वेगळे सांगावे लागत नाही. वैद्यकाच्या ग्रंथांत त्याला अश्वकात्री असेही म्हटलेले आढळते. शास्त्रीय नाव ड्रायनारिया क्वेर्सिफोलिया असे आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ साली या नेच्याचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी त्याला पॉलिपोडियम या प्रजातीत ठेवले होते. पुढे तो ड्रायनारिया प्रजातीत आला. ‘क्वेर्सिफोलिया’ म्हणजे ओक वृक्षासारख्या पानांचा. त्याच्या बुडाशी असणारी खाचदार पाने ओकच्या पानांसारखी दिसतात, म्हणून हे नाव.

हा उष्ण प्रदेशातील नेचा आहे. भारत, श्रीलंका, आग्नेय आशियातील देश, न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलिया येथे तो आढळतो. आपल्याकडे आंब्यासारख्या खडबडीत सालीच्या जुन्या झाडांवर, ओलसर कड्यांवर, क्वचित पडक्या भिंतींवरही तो दिसतो. जमिनीत मुळे न रोवता दुसऱ्या झाडाचा केवळ आधार घेऊन वाढणाऱ्या अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात.

दोन प्रकारची पाने

बाशिंगाचे खोड जाड असून आधारावर आडवे सरपटत जाते. अशा खोडाला मूलक्षोड म्हणतात. त्यावर तपकिरी, केसाळ खवल्यांचे दाट आवरण असते. या मूलक्षोडावर दोन प्रकारची पाने येतात आणि दोन्हींची कामे अगदी वेगळी आहेत.

पहिला प्रकार घरट्याच्या पानांचा. ही पाने बिनदेठाची, रुंद, कडेला उथळ खाचा असलेली असतात व मूलक्षोडाला बिलगून उभी राहतात. ती उगवतात तेव्हा हिरवी असतात. परंतु थोड्याच काळात त्यांतील हिरवा रंग जाऊन ती कागदासारखी कोरडी व तपकिरी होतात. मात्र ती गळून पडत नाहीत. वर्षानुवर्षे तेथेच राहून त्यांची एक टोपली तयार होते. झाडावरून गळणारा पाचोळा, सालीचे कण, वाऱ्याने आलेली धूळ, पक्ष्यांची विष्ठा हे सर्व त्या टोपलीत साठते व कुजते. बाशिंगाची मुळे त्या कुजलेल्या थरात शिरून पाणी व क्षार घेतात. ज्याला जमीन मिळाली नाही, त्याने आपली जमीन स्वतः तयार केली, असेच म्हणावे लागेल.

दुसरा प्रकार हिरव्या पानांचा. ही पाने देठाची, लांब, आणि मधल्या शिरेपर्यंत खोल चिरलेली असतात. वाढलेले पान हातभर किंवा त्याहूनही लांब असते. अन्न तयार करणे आणि बीजाणू निर्माण करणे ही कामे या पानांकडे असतात. पावसाळा संपून हवा कोरडी होत गेली की त्यांचे खंड एकेक करून गळतात आणि केवळ मधल्या शिरा काड्यांसारख्या उरतात. उन्हाळ्यात पाहणाऱ्यास वाटते की ही वनस्पती मेली. परंतु मूलक्षोड जिवंत असतो. जून महिन्यात पाऊस स्थिरावला की त्याच्या टोकांवर नवी हिरवी पाने दिसू लागतात.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाग नीटनेटकी ठेवण्याच्या भरात अनेक जण तपकिरी पाने ‘वाळलेली’ म्हणून काढून टाकतात. बाशिंगाच्या बाबतीत असे करणे म्हणजे त्याचे अन्नाचे कोठारच मोडणे होय.

बाशिंग आणि बांडगूळ

आता ज्या गैरसमजाचा आरंभी उल्लेख केला त्याकडे वळू. आंब्यावर वाढणारे बाशिंग पाहून ‘हे बांडगूळ आहे, झाडाचा रस शोषते’ असे म्हणून ते कोयत्याने खरवडले जाते. बांडगूळ काढणे योग्य आहे. परंतु बाशिंग हे बांडगूळ नव्हे.

आंब्यावर नेहमी दिसणारे बांडगूळ, म्हणजे डेंड्रोफ्थी फाल्काटा, ही फुले व फळे येणारी वनस्पती आहे. तिचे चिकट बी फुलटोच्यासारख्या लहान पक्ष्यांमार्फत फांदीवर येऊन चिकटते. ते रुजले की त्याची शोषक मुळे साल भेदून थेट लाकडात शिरतात व आश्रयदात्या झाडातील पाणी आणि क्षार ओढून घेतात. बांडगुळाची पाने हिरवी असल्यामुळे ते काही अन्न स्वतः तयार करते. म्हणून त्यास अर्धपरजीवी म्हणतात. जेथे ते जडते तेथे फांदी फुगून गाठ होते, आणि गाठीपुढील फांदी हळूहळू निर्जीव होते. बागायतदाराचा राग रास्त आहे.

बाशिंगाची मुळे मात्र सालीच्या पृष्ठभागावरच राहतात. मूलक्षोडाखालची साल अखंड असते; तेथे गाठ नाही, छिद्र नाही. त्याचे पाणी पावसाचे, क्षार पाचोळ्याचे आणि प्रकाश पानांमधून गाळून आलेला. झाडाकडून ते केवळ जागा घेते. एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. पोखरलेल्या किंवा कुजलेल्या फांदीवर बाशिंगाचा मोठा वेढा असेल, तर पावसात भिजून त्याचा भार वाढतो व अशी फांदी मोडू शकते. तेवढ्यापुरता भार हलका करणे योग्य होय. परंतु निरोगी झाडावरील बाशिंग काढण्याचे कोणतेही कारण नाही.

ओळखण्याची सोपी खूण अशी : फुले किंवा फळे दिसली, फांदीवर गाठ दिसली, तर ते बांडगूळ, केसाळ मूलक्षोड, तपकिरी पानांची टोपली आणि पानांच्या मागे तपकिरी ठिपके दिसले, तर ते बाशिंग.

ठिपक्यांपासून नेच्यापर्यंत

हे तपकिरी ठिपके म्हणजे बीजाणुधानींचे पुंज. प्रत्येक बीजाणुधानी ही एक सूक्ष्म पिशवी असून तिच्यात बहुधा ६४ बीजाणू असतात. पिशवीभोवती जाड भित्तिकांच्या पेशींचे अपुरे कडे असते. हवा कोरडी झाली की या पेशींतील पाणी उडून जाते, कडे मागे ताणले जाते, आणि ताण सुटताच गोफणीसारखा झटका बसून बीजाणू दूर उडतात. म्हणूनच कोरड्या दिवशी बीजाणू पसरतात. तेच दिवस त्यांना वाऱ्याबरोबर दूर जाण्यास सोयीचे असतात.

नेच्यांना फुले नाहीत, बी नाही. मग ते वाढतात कसे, हे कोडे शेकडो वर्षे माणसाला सुटले नव्हते. जमैकातील शल्यचिकित्सक जॉन लिंडसे यांनी पानामागची ही धूळ पेरून तिच्यापासून नेचे उगवतात हे दाखवले, आणि १७९४ साली त्यांचा लेख लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे १८५१ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी या जीवनक्रमातील दोन पिढ्यांचा क्रम उलगडून दाखवला.

तो क्रम असा. बीजाणू रुजला की त्यापासून लगेच नेचा होत नाही. प्रथम नखाएवढा, हृदयाच्या आकाराचा, पातळ हिरवा पापुद्रा तयार होतो. त्यास पूर्वकायक म्हणतात. त्याच्या खालच्या बाजूस नर व मादी इंद्रिये असतात. नर पेशी पाण्याच्या थरातून पोहत जाऊन मादी पेशीशी एकरूप होते, आणि त्या संयोगातून नेच्याचे खरे रोप वर येते. नेच्याला कोरडा काळ सोसता येतो, परंतु आयुष्यात या एका टप्प्यावर त्याला पाण्याचा थर हवाच असतो. उंच झाडावर वाढणाऱ्या बाशिंगालाही या नियमातून सुटका नाही.

मूलक्षोडापासून लागवड

विनयपिटकात वनस्पतींचा नाश न करण्याविषयी भिक्खूंसाठी जो नियम आहे, त्याच्या विवरणात वनस्पती कशापासून उगवतात याचे पाच प्रकार सांगितले आहेत : मूळ, खोड, पेर, शेंडा आणि बी. हळद व आले पहिल्या प्रकारात, वड व पिंपळ दुसऱ्यात, ऊस व बांबू तिसऱ्यात गणले आहेत. त्या नियमामागे किती बारकाईचे निरीक्षण होते, हे यावरून कळते. बाशिंगाचा मूलक्षोडही हळद-आल्याप्रमाणे तुकड्यापासून पुन्हा वाढतो, आणि लागवडीची सर्वांत सोपी रीत तीच आहे.

काळ : मे महिन्याची अखेर ते जूनचा पूर्वार्ध. वाढीचा हंगाम समोर असल्यामुळे तुकडा लवकर जीव धरतो.

तुकडा : सुमारे १० ते १५ सेंटिमीटर लांबीचा, ज्याच्या टोकाशी वाढता कोंब आहे आणि ज्यावर एकदोन पाने आहेत, असा घ्यावा. धारदार स्वच्छ सुरीने कापून कापलेली बाजू एक दिवस सावलीत सुकू द्यावी. ओल्या जखमेतून कूज शिरते.

आधार : लाकडी फळी, सोडणासह वाळलेला नारळ, तारेची टोपली किंवा खडबडीत सालीचे जिवंत झाड, यांपैकी काहीही चालते. आंबा, चिंच, करंज ही झाडे चांगली. पेरू किंवा निलगिरी यांची साल सुटून पडते, म्हणून ती टाळावीत.

भरण : टोपलीत लावायचे असल्यास नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळशाचे खडे, विटांचे बारीक तुकडे आणि अर्धवट कुजलेला पाचोळा यांचे मिश्रण घ्यावे. बागेतील माती घालू नये. माती घट्ट बसते, पाणी धरून ठेवते आणि हवेवर वाढण्यास सवकलेली मुळे गुदमरतात.

बांधणी : मूलक्षोड पृष्ठभागावर आडवा ठेवावा, तो पुरू नये. काथ्याने किंवा जुन्या सुती कापडाच्या पट्टीने घट्ट, पण न काचता बांधावा. काथ्या कुजून जाईपर्यंत मुळे आधार धरतात. तार वापरल्यास ती मूलक्षोडात रुतते.

वर्षभराची निगा

बाशिंगाची निगा ऋतूप्रमाणे बदलते, आणि हाच त्यातील महत्त्वाचा धडा आहे. रोज सारखे पाणी घालणारा माणूस प्रेमापोटीच त्याला कुजवतो.

पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या बाशिंगाला वेगळे पाणी लागत नाही. पाऊस उघडला आणि दोनतीन दिवस कोरडे गेले, तर पाणी शिंपडावे. या काळात चांगले कुजलेले शेणखत पाण्यात भिजवून, निवळी काढून, ती भरपूर पातळ करून महिन्यातून एकदा दिली तरी पुरे. गोगलगाई कोवळे कोंब खातात. त्या संध्याकाळी हाताने वेचून दूर सोडाव्यात.

हिवाळ्यात पाणी कमी करत जावे. भरण बोटाने चाचपून कोरडे लागले तरच पाणी द्यावे. याच सुमारास पाने पिवळी पडून गळू लागतात. तो रोग नव्हे.

उन्हाळ्यात त्याला विश्रांती द्यावी. आठवड्यातून एकदोनदा संध्याकाळी हलके पाणी शिंपडल्याने मूलक्षोड सुरकुतत नाही. मराठवाडा-विदर्भासारख्या अधिक उष्ण भागात दुपारचे ऊन मुळीच लागू देऊ नये. एरवी सकाळचे कोवळे ऊन आणि पुढे दिवसभर उजेडाची सावली ही त्याला मानवणारी जागा होय.

पानांच्या मागे पांढरा कापसासारखा पुंजका दिसला, तर तो पिठ्या ढेकूण. शिरेवर तपकिरी टणक फुगवटे दिसले, तर ती खवले कीड. खवले कीड आणि बीजाणूंचे पुंज यांत गल्लत होऊ देऊ नये. पुंज लहान असून ठरावीक मांडणीने पसरलेले असतात, कीड वेडीवाकडी असते व नखाने निघते. ओल्या फडक्याने पुसून ती काढावी.

बीजाणूंपासून रोपे

ही रीत सावकाशीची, पण शाळेच्या प्रयोगशाळेसाठी अतिशय बोधप्रद आहे. पानामागचे ठिपके गडद तपकिरी झाले की त्या पानाचा एक खंड कापून पांढऱ्या कागदावर, ठिपके खाली करून, वारा लागणार नाही अशा जागी ठेवावा. दोनतीन दिवसांत कागदावर बारीक धूळ पडते आणि पुंजांच्या मांडणीचा ठसाच उमटतो. कागद किंचित तिरका करून हलकेच टिचकी मारली की जड कचरा घरंगळतो व बीजाणू कागदाला धरून राहतात.

रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत नारळाचा बारीक भुसा व चाळलेले पानखत यांचा दोन बोटे जाडीचा थर द्यावा. त्यावर उकळते पाणी ओतून निथळू द्यावे, म्हणजे बुरशी व शेवाळाचे बीज मरते. थंड झाल्यावर त्यावर बीजाणू विरळ भुरभुरावेत आणि झाकण लावून बरणी उजेडात, पण उन्हात नव्हे, ठेवावी. बंद काचेत ओलावा फिरत राहतो, म्हणून वरचेवर पाणी घालावे लागत नाही. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांना १८२९ साली अशाच एका बंद बाटलीत आपोआप उगवलेला नेचा दिसला होता, आणि त्यातूनच पुढे लांबच्या समुद्रप्रवासात रोपे जिवंत नेणाऱ्या काचपेट्या निघाल्या.

काही आठवड्यांनी पृष्ठभागावर हिरवी झाक येते. पुढे हृदयाकार पूर्वकायके स्पष्ट दिसतात. आता उकळून गार केलेल्या पाण्याचा सूक्ष्म फवारा अधूनमधून द्यावा, कारण नर पेशींना पोहण्यासाठी पाणी हवे. त्यानंतर इवली पाने वर येतात. रोपे बोटाच्या पेराएवढी झाली की झाकण रोज थोडे थोडे उघडून त्यांना बाहेरच्या हवेची सवय करावी. यापुढे टोपलीभर बाशिंग व्हायला काही वर्षे लागतात. आठवीतील विद्यार्थ्याने पेरलेल्या बीजाणूंची पुरती वाढ कदाचित त्याच्यानंतर येणारे विद्यार्थीच पाहतील. त्यात गैर काहीच नाही.

कोठून घ्यावे, कोठून घेऊ नये

तमिळनाडूतील कोल्ली टेकड्या व येरकाड येथे याच नेच्याचे मूलक्षोड ‘मुडवाटुकाल’ या नावाने रस्त्याच्या कडेला विकले जातात आणि सांधेदुखीवर गुणकारी म्हणून त्यांचे सूप पर्यटकांना दिले जाते. केसाळ मूलक्षोड बकऱ्याच्या पायासारखा दिसतो, यावरून ते नाव रूढ आहे. आपल्याकडेही लोकवैद्यकात त्याचा वापर आहे. वापराबद्दल आमची तक्रार नाही. परंतु जे बनायला अनेक वर्षे लागतात ते एका दिवसात ओरबाडले तर काय उरेल, याचा हिशेब घेणाऱ्याने केला पाहिजे. विद्यार्थ्यांनी जाणत्या वैद्याच्या सल्ल्यावाचून त्याचा औषध म्हणून प्रयोग करू नये, हेही येथेच सांगतो.

मग लागवडीसाठी तुकडा आणायचा कोठून? उभ्या झाडावरचे बाशिंग काढू नये. वादळात पडलेली फांदी, रस्ता रुंदीकरणात तोडलेले जुने झाड, घर पाडताना निघालेली भिंत, ही तुकडे मिळवण्याची योग्य ठिकाणे आहेत. जुना वृक्ष पडतो तेव्हा लाकडाचा हिशेब होतो. त्याच्या अंगावरच्या बाशिंगाची कोणी विचारपूस करत नाही आणि ते ओंडक्यांबरोबर वाळून जाते. अशा वेळी परवानगी घेऊन, शिक्षकांच्या उपस्थितीत ते सोडवून आणावे. टोपलीत विंचू, गोम, मुंग्या यांचे वास्तव्य असू शकते, म्हणून नुसत्या हाताने आत चाचपू नये. काठीने हलकेच ठोकून त्यांना निघून जाण्यास वेळ द्यावा. शक्य असल्यास जुना पाचोळा न झाडता तो तसाच नव्या जागी न्यावा.

गळून पडलेले सावरून धरणे हेच बाशिंगाचे जगणे आहे. त्याला वाढवू इच्छिणाऱ्याने रोप मिळवण्यासाठीही तीच रीत पाळावी, इतकेच आमचे म्हणणे आहे.

स्वाध्याय

१. परिसरातील पाच जुन्या झाडांचे निरीक्षण करून त्यांवर बाशिंग आहे की बांडगूळ, हे खुणांसह नोंदवा.

२. एकाच बाशिंगाची जून, ऑक्टोबर आणि एप्रिल महिन्यांतील चित्रे काढा. कोणती पाने गळली व कोणती राहिली, ते लिहा.

३. पांढऱ्या कागदावर बीजाणूंचा ठसा घ्या आणि भिंगाखाली पाहा.

४. बीजाणू आणि बी यांत कोणता फरक आहे? विवरणातील पाच प्रकारांपैकी एकातही बीजाणू का बसत नाही, याची वर्गात चर्चा करा.

५. आपल्या गावात आंब्यावरील बाशिंग खरवडणाऱ्या एखाद्या बागायतदाराची भेट घ्या. त्यांचे म्हणणे आधी पूर्ण ऐका. मग या लेखातील खुणा त्यांना झाडापाशी नेऊन दाखवा.